फोटोखाली नाव कोणाचे?

आपला गोंदिया जिल्हा धानाचा आणि तलावांचा. रोवणी आटोपली, बांध्यांत पाणी उभे राहिले, की एखाद्या सकाळी बांधीत सारसांची जोडी उतरलेली दिसते. माणसाएवढा उंच पक्षी, तांबडी मान, राखी अंग आणि दूरवर ऐकू जाणारी हाक. महाराष्ट्रात हा पक्षी आता मुख्यतः आपल्याच भागात टिकून आहे. त्यामुळे तो दिसला, की मोबाइल धरलेला हात आपोआप वर जातो. फोटो निघतो आणि घटकाभरात गावच्या ग्रुपवर पोचतो. तेथून तो कोठे कोठे जाईल, याचा नेम नाही.

आज आपण या फिरत्या फोटोविषयी बोलू. तो फोटो कोणाचा? त्याच्याखाली नाव कोणाचे लिहावे? आणि दुसऱ्याचा फोटो आपल्याला वापरायचा असेल, तर रीत कोणती?

असे समजा. गोंदिया तालुक्यातल्या एका गावची नववीतली मुलगी सकाळी शेतावर गेली. हातात काकांचा मोबाइल होता. शेजाऱ्याच्या बांधीत सारसांची जोडी आणि मधोमध एक पिल्लू. पक्षी बिचकू नयेत म्हणून पोर लांब धुऱ्यावर अर्धा तास बसून राहिली, आणि ऊन नीट पडल्यावर तिने फोटो घेतला. काकांनी कौतुकाने तो ग्रुपवर टाकला. ग्रुपमधल्या एका गृहस्थांनी फोटोच्या कोपऱ्यात रंगीत अक्षरांत आपले नाव घातले आणि पुढे धाडला. पंधरा दिवसांनी तोच फोटो, त्या भलत्याच नावासकट, गणेशोत्सवाच्या फलकावर लागला. पुढे शाळेत छायाचित्रांची स्पर्धा निघाली. मुलीने आपला फोटो दिला, तर परीक्षक म्हणाले, "बाई, हा तर आम्ही फलकावर पाहिला. दुसऱ्याचा फोटो चालायचा नाही."

मंडळी, त्या पोरीला काय वाटले असेल? तिचा पैसा गेला नाही, वस्तू गेली नाही. पण जे तिने केले, ते तिने केलेच नाही असे ठरले. आणि खोटी पडली ती तीच!

आता हक्क सांगणारे किती आहेत पाहा. काका म्हणतील, मोबाइल माझा. शेजारी म्हणेल, बांधी माझी. कोपऱ्यात नाव घालणारे म्हणतील, मी पुढे धाडला म्हणून तर चार लोकांनी पाहिला. मंडळवाले म्हणतील, आम्हाला तो मोबाइलवर फुकट आला.

यातले कोणाचेही म्हणणे कायद्यात टिकत नाही. आपल्या देशाचा कॉपीराइट कायदा १९५७ सालचा. तो २१ जानेवारी १९५८ पासून लागू झाला आणि त्यात पुढे वेळोवेळी दुरुस्त्या झाल्या. या कायद्याने छायाचित्र ही कलाकृती मानली आहे आणि जो छायाचित्र घेतो, तोच त्याचा कर्ता, असे स्पष्ट सांगितले आहे. शेजाऱ्याची लेखणी मागून कविता लिहिली, तर ती कविता लेखणीवाल्याची होत नाही. तसेच हे आहे. मोबाइल काकांचा, पण फोटो मुलीचा. ती वयाने लहान आहे म्हणून हक्क कमी होत नाही. त्यासाठी कोठे नोंदणी करावी लागत नाही, की फोटोवर शिक्का मारावा लागत नाही. फोटो निघाला त्या क्षणी हक्क जन्माला आला.

फोटोत जो दिसतो तोही त्याचा मालक नसतो. काश्मीरच्या बर्फावर पाटीवरून घसरणारा खेळाडू असो, की आपल्या शाळेच्या पटांगणावरचा कबड्डीपटू, नियम एकच. मात्र माणसाचा, त्यातही लहान मुलांचा फोटो सगळीकडे पाठवण्याआधी त्याला किंवा त्याच्या घरच्यांना विचारावे. तो मालकीचा नव्हे, माणसाच्या मानाचा प्रश्न आहे. पशुपक्ष्यांचे म्हणाल, तर तोही खटला होऊन गेला. इंडोनेशियात एका वानराने एका इंग्रज छायाचित्रकाराच्या कॅमेऱ्याची कळ दाबून स्वतःचा फोटो काढला. त्यावरून अमेरिकेत वाद कोर्टात गेला, आणि प्राण्याला कॉपीराइटच्या कायद्याखाली दावा लावता येत नाही, असे तेथील अपील न्यायालयाने २०१८ साली ठरवले.

या नियमाला तीन अपवाद आहेत, ते नीट ध्यानात ठेवा. पहिला, मोबदला देऊन काढवलेला फोटो. लग्नात किंवा शाळेच्या स्नेहसंमेलनात पैसे देऊन फोटोवाल्याला बोलावले, तर वेगळा करार नसल्यास त्या फोटोंचा पहिला मालक बोलावणारा ठरतो. दुसरा, नोकरी. वर्तमानपत्राच्या पगारी छायाचित्रकाराने कामाचा भाग म्हणून काढलेला फोटो वर्तमानपत्रात छापण्याचा हक्क, तसा वेगळा करार नसेल तर, पत्राच्या मालकाकडे जातो. तिसरा, हक्क लिहून दिला तर. हा लेख लेखी आणि सहीनिशी असावा लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरतात, आणि मुलूख लिहिला नसेल तर भारतापुरता धरतात. "घेऊन जा, वापरा," असे तोंडी म्हटल्याने मालकी बदलत नाही.

आणि हक्क विकला तरी एक गोष्ट कर्त्यापाशी राहतेच. कायद्याचे ५७ वे कलम सांगते, की ही कृती माझी आहे असे म्हणण्याचा कर्त्याचा अधिकार, मालकी दुसऱ्याकडे गेल्यावरही, शाबूत असतो. मालकी आणि नाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

नावाची किंमत किती असते, ते होमाई व्यारावाला यांच्याकडे पाहून कळते. १९१३ साली नवसारीला जन्मलेल्या या बाई मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकल्या. वृत्तपत्रांसाठी काम करणाऱ्या भारतातल्या पहिल्या महिला छायाचित्रकार म्हणून त्यांची ओळख आहे. पण त्यांचे सुरुवातीचे फोटो छापले गेले ते पती माणेकशा यांच्या नावाने, कारण बाईच्या नावाला तेव्हा कोणी ओळखत नव्हते. पुढे देशाच्या स्वातंत्र्याचे क्षण त्यांनी टिपले आणि २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. त्यांना आपले नाव परत मिळाले. गावोगावच्या किती लेकीबाळींना ते मिळत नसेल!

आता तुम्ही म्हणाल, "आम्ही तर खाली 'साभार' लिहितो." बरोबर, पण साभार कोणाचे? पुष्कळ ठिकाणी 'सौजन्य : गूगल' किंवा 'साभार : इंटरनेट' असे छापलेले असते. पत्र कोणाचे आले, असे विचारल्यावर पोस्टमनचे नाव सांगण्यापैकी हे झाले. गूगलने फोटो शोधून दिला, काढला नाही. फोटो ज्या पानावर सापडला ते पान उघडा आणि छायाचित्रकाराचे नाव शोधा. शोधूनही सापडले नाही, तर तो फोटो सोडून दुसरा घ्या.

आणखी एक गैरसमज आहे. नाव दिले म्हणजे परवानगी मिळाली, असे नव्हे. शेजाऱ्याच्या झाडाचे आंबे नेले आणि टोपलीवर त्याचे नाव लिहिले, तरी न विचारता नेले ते नेलेच. आधी विचारावे, मग नाव द्यावे. दोन्ही पाहिजेत. विचारणे काही अवघड नाही. "तुमचा सारसाचा फोटो आमच्या स्मरणिकेत एकदा छापू का? खाली तुमचे नाव देऊ," एवढा निरोप पुरे. उत्तर लेखी घ्यावे आणि जपून ठेवावे.

फेसबुकसारख्या ठिकाणी आपला फोटो टाकला, तर त्याची मालकी आपलीच राहते. त्या कंपनीला मात्र तो वापरण्याचा परवाना आपण देत असतो. पण तेथे दिसला म्हणून कोणीही उचलून फलकावर छापावा, असा परवाना त्यात नाही. उघड्या ओट्यावर वाळत घातलेले धान रस्त्यावरून दिसते, म्हणून ते वाटसरूचे होत नाही.

गुरुजी आणि बाई, तुम्हाला कायद्याने थोडी मोकळीक दिली आहे. वर्गात शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने एखाद्या कृतीची नक्कल वापरली, तर तो कॉपीराइटचा भंग होत नाही. प्रश्नपत्रिकेलाही हीच सवलत आहे. तेव्हा पक्ष्यांचा पाठ शिकवताना सारसाचा फोटो खुशाल दाखवा. पण तोच फोटो शाळेच्या छापील स्मरणिकेत किंवा प्रवेशाच्या जाहिरातीत घालणे म्हणजे शिकवणे नव्हे. तेथे परवानगी घ्यावी. विनासायास फोटो हवे असतील, तर विकिमीडिया कॉमन्ससारख्या ठिकाणी क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याचे पुष्कळ फोटो मिळतात. कर्त्याने आधीच अटी लिहून परवानगी देऊन ठेवलेली असते आणि बहुतेक वेळा पहिली अट असते ती नाव देण्याची. अटी वाचून घ्याव्यात.

आपला हक्क राखायचा कसा? मूळ फोटो मोबाइलमधून पुसू नका. व्हॉट्सॲपवर साध्या रीतीने पाठवलेला फोटो आकाराने लहान होतो आणि त्याच्या पोटातली तारीख, वेळ ही माहिती गळून पडते. मूळ फोटो मोठा असतो, त्यात ही माहिती असते आणि त्याच्या मागेपुढे त्याच वेळचे आणखी दोनचार फोटो असतात. तुमच्या बाजूची सगळ्यांत चांगली साक्ष तीच. पाठवतानाच आपले नाव लिहून पाठवा. कोणी नाव न देता वापरला, तर पहिल्याने गोडीने कळवा, की फोटो माझा आहे, नाव घाला किंवा काढून टाका. पुष्कळांनी अजाणतेपणीच वापरलेला असतो आणि काम तेथेच भागते. नाहीच ऐकले, तर फेसबुक, इन्स्टाग्रामवर तक्रारीची सोय आहे. त्यापुढे आपण राहतो तेथील जिल्हा न्यायालयात दाद मागता येते. जाणूनबुजून केलेल्या भंगाला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड, अशी शिक्षा कायद्यात सांगितली आहे. हा हक्क किती दिवस चालतो? १९५७ च्या मूळ कायद्यात फोटोला प्रकाशनापासून ५० वर्षे होती, पुढे ती ६० झाली. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कर्त्याची हयात आणि त्यापुढे ६० वर्षे, अशी मुदत आहे.

जाता जाता सारसाच्या वतीने एक सांगतो. तो पावसाळ्यात पाणथळीत आणि धानाच्या बांध्यांतच घरटे करतो, अंडी बहुधा दोनच घालतो. घरट्याचा ठावठिकाणा फोटोबरोबर गावोगाव गेला, तर पाहणाऱ्यांची रीघ लागते, पक्षी अंड्यांवरून उठतो, धानही तुडवले जाते. पुष्कळ मोबाइल फोटोच्या पोटात जागेची खूणही लिहून ठेवतात, आणि मूळ फाइल पाठवली तर ती खूण सोबत जाते. कॅमेऱ्यातली ती सोय बंद ठेवावी. फोटोबरोबर काढणाऱ्याचे नाव जावे, घरट्याचा पत्ता जाऊ नये.

आता आपल्या नववीतल्या मुलीकडे परत येऊ. परीक्षकांनी एकच प्रश्न विचारायला हवा होता : "बाळ, मूळ फोटो दाखवतेस?" काकांच्या मोबाइलमध्ये तो होता. त्याच्या आधीचे तीन फसलेले फोटोही होते, एकात नुसतेच गवत आणि एकात सारसाची अर्धीच मान. फलकावर नाव झळकवणाऱ्यापाशी ते असणे शक्य नव्हते. गुरुजी, असा प्रसंग तुमच्या शाळेत येईल, तेव्हा एवढे विचारायला विसरू नका. आणि उद्या ग्रुपवर एखादा सुंदर फोटो आला, तर पुढे धाडण्याआधी आपणही विचारू या : हा काढला कोणी?