ताशी पंधरा किलोमीटरची मौज

देशातला सर्वांत वेगवान ट्रॅक इंदूरच्या शेजारी, पिथमपूरला आहे. नॅट्रॅक्स या वाहनचाचणी केंद्राच्या आवारातला हा ११.३ किलोमीटरचा लंबगोल पट्टा सोळा मीटर रुंद आणि चार लेनचा आहे. २९ जून २०२१ रोजी तेव्हाचे अवजड उद्योगमंत्री प्रकाश जावडेकर यांनी त्याचे उद्घाटन केले. वळणावर ताशी ३७५ किलोमीटरचा वेग सोसेल असा त्याचा उतार बांधलेला आहे. तिथून फार लांब न जाता, विंध्याच्या कड्यालगतच्या गाडीवाटांवर मात्र मोटरसायकलला ताशी पंधरा किलोमीटर हा उत्तम वेग मानला जातो. आणि त्या पंधरापायी माणसे घामाने निथळतात.

तुकोजीराव होळकरांचे नाव मिरवणाऱ्या तुकोगंजातून अशा वाटांपर्यंत पोचायला तास-दीड तास पुरतो. पुणेकर रायडरला हेवा वाटावा असे हे अंतर. शनिवारी पहाटे छप्पन दुकानला पोहे-जिलेबी आटोपली, की ऊन चढायच्या आत महू ओलांडून डांबर सोडता येते. हातात दोन दिवस असतील तर बेत साधारण असा आखतात: शनिवारी जानापाव आणि मानपूरच्या बाजूचे कच्चे रस्ते, रात्री घाट उतरून महेश्वर किंवा मंडलेश्वरला मुक्काम, आणि रविवारी जाम गेटमार्गे पुन्हा वर. जाम गेट म्हणजे माळव्यातून निमाडात उतरणाऱ्या वाटेवरचा अहिल्याबाईंच्या काळातला, १७९१चा दरवाजा. तिथे उभे राहिले की पायाखालची जमीन चारशे मीटरहून अधिक खाली नर्मदेच्या खोऱ्यात कोसळलेली दिसते.

ट्रेल रायडिंगला, म्हणजे कच्च्या वाटांवर मोटरसायकल चालवायला, ही जागा इतकी जमते याचे कारण भूगोलात आहे. माळव्याचे पठार आणि सह्याद्री एकाच लाव्ह्याचे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचून झालेला हा दख्खनचा काळा दगड. पठार उत्तरेकडे हळूच कलते, दक्षिणेकडे मात्र एकदम तुटते. साडेआठशे मीटरहून उंच असलेल्या जानापाववरून चंबळ उत्तरेला निघते आणि यमुना-गंगेतून बंगालच्या उपसागराला मिळते. याच पट्ट्यातली चोरल नदी दक्षिणेला नर्मदेत उतरते आणि अरबी समुद्र गाठते. तुटलेल्या बाजूला खोल घळी पडल्या आहेत. स्थानिक लोक त्यांना ‘खोह’ म्हणतात. पाताळपाणी, तिंछा, मेहंदीकुंड हे धबधबे त्याच घळींवरचे. त्यामुळे एकाच दिवसात शेतातली सपाट काळी वाट, मुरमाचा चढ, सागाच्या पाचोळ्याखाली दडलेले गोटे आणि ओढ्यातले गुळगुळीत दगड असे चारही प्रकार चाकाखाली येतात.

यांतली काळी माती सर्वांत खोडकर. तिच्यातली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते आणि टायरला थरावर थर चिकटत जाते. साध्या मोटरसायकलचा पुढचा मडगार्ड चाकाला खेटून असतो. पाऊण किलोमीटरात त्या फटीत माती ठासते आणि चाक फिरेनासे होते. डर्ट बाइकचा मडगार्ड हँडलखाली उंच, पक्ष्याच्या चोचीसारखा का असतो, याचे उत्तर सोयाबीनच्या शेताकडेला जुलैत मिळते. बाकीची ठेवणही अशीच गरजेपोटी आली आहे. पुढचे चाक २१ इंची, कारण मोठे चाक गोट्यावर अडत नाही, चढून जाते. मिश्रधातूच्या चाकाऐवजी तारा, कारण त्या थोड्या लवतात आणि वाकलेली रिम गावातही ठोकून सरळ होते. इंजिनाखाली जाड पत्रा, सायलेन्सर वरच्या अंगाला.

अशी गाडी पूर्वी सामान्य खिशाबाहेर होती. हीरोने २०११ मध्ये दीडशे सीसीची इम्पल्स आणली. ती काळाच्या जरा आधी आली आणि बंद पडली. मग मे २०१९ मध्ये एक्सपल्स २०० आली. सुरुवातीची किंमत ९७ हजार, जमिनीपासून उंची २२० मिलिमीटर, वजन दीडशे किलोच्या किंचित वर. छोट्या शहरांत ऑफरोडिंग पसरायला तिचा मोठा हात लागला. रॉयल एनफिल्डची हिमालयन २०१६ची. लांबच्या प्रवासाला ती झकास, पण ओढ्यात आडवी झाली की उचलायला दोघे लागतात. ट्रेलवर पहिला धडा इथेच मिळतो. गाडीची ताकद दुय्यम, वजन महत्त्वाचे. चारशे सीसीवाला चढावर अडकलेला आणि दोनशे सीसीवाला वर बसून चणे खात असलेला, हे दृश्य नेहमीचे. इंदूरच्या परिसराला हलक्या गाड्या नव्याही नाहीत. फिरोदियांची कायनेटिक होंडा स्कूटर पिथमपूरच्याच कारखान्यात बनत असे.

चालवण्याची रीत रस्त्याच्या नेमकी उलट. डांबर संपले की आधी टायरमधली हवा कमी करायची. दाब कमी झाला की टायर पसरतो आणि गोट्यांना धरून चालतो. फार कमी केला तर ट्यूब रिम आणि दगडाच्या मध्ये चिमटते आणि पंक्चर ठरलेले. मग सीटवरून उठून फूटपेगवर उभे राहायचे, गुडघे सैल ठेवायचे, गाडीला खाली हवे तसे नाचू द्यायचे. नवखा माणूस पुढच्या चाकासमोरच्या दगडाकडे बघतो आणि नेमका त्याच दगडावर जातो. नजर दहा-पंधरा मीटर पुढे लागते. उतारावर पहिला गिअर, इंजिनाचा ब्रेक, आणि पुढच्या ब्रेकवर एकच बोट. चढावर मध्येच थांबण्याइतकी वाईट चूक नाही.

ओढ्याचे पाणी इंजिनात शिरले तर घाईने स्टार्टर दाबू नये. पाणी हवेसारखे दाबले जात नाही. पिस्टन त्याला धडकला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढून इंजिन फिरवायचे, पाणी पिचकारीसारखे बाहेर येते. पाण्याबद्दल आणखी एक. जुलै २०११ मध्ये पाताळपाणीला अचानक आलेल्या लोंढ्यात एका कुटुंबातली माणसे वाहून गेली. तो व्हिडिओ देशभर पाहिला गेला. वर पठारावर पाऊस पडतो आणि खाली ऊन असतानाही घळीत पाणी येते. पावसाळ्यात खोहच्या तोंडाशी ओढा ओलांडण्याचे धाडस करणाऱ्या मित्राला तिथेच अडवावे, रागावला तरी.

मित्र लागतात ते यासाठीच. एकट्याने ट्रेलवर जाणे हे शौर्य नाही, बेफिकिरी आहे. घसरलेल्या गाडीखाली पाय अडकला आणि मोबाइलला रेंज नसली, की वाट चुकून कोणी गुराखी येईपर्यंत पडून राहावे लागते. म्हणून जाणकार गट आपसांत कामे वाटून घेतात. वाट ठाऊक असलेला पुढे. हत्यारे, ट्यूब आणि प्रथमोपचाराची पेटी घेतलेला सर्वांत अनुभवी माणूस शेवटी. प्रत्येक फाट्यावर मागचा दिसेपर्यंत थांबायचे, हा एक नियम पाळला तरी निम्मी संकटे टळतात. हेल्मेट, गॉगल, छातीचे आणि गुडघ्याचे कवच, घोट्यावर येणारे बूट यांवरचा खर्च गाडीच्या सजावटीआधी करायचा. धुळवड करणारे अनेक जण हे उलटे करतात.

स्पर्धेचे जग वेगळे. २०१५ मध्ये सी. एस. संतोषने डकार रॅली छत्तिसाव्या क्रमांकावर पूर्ण केली, आणि ती पुरी करणारा तो पहिला भारतीय ठरला. २०२४ मध्ये केरळच्या हरित नोआने डकारचा रॅली-२ गटच जिंकला. त्याच वर्षी जानेवारीत पुण्यात बालेवाडीला सुपरक्रॉस लीगचा पहिला सामना झाला. तिथल्या उड्या पाहून आलेला पोरगा दुसऱ्या दिवशी कोणाच्या तरी बांधावरून उडी मारायला बघतो, तेव्हा मात्र भांडण होते.

कारण इथली जमीन रिकामी नाही. महूजवळच्या वाटा बटाटा, लसूण, गव्हाच्या शेतांमधून जातात. ओल्या शेतात उठलेली चाकाची चाकोरी शेतकऱ्याला महाग पडते. खाली घाटात भिल्ल आणि भिलाला वस्त्या आहेत, आणि मार्च-एप्रिलमध्ये पहाटे बायामाणसे मोहाची फुले वेचायला त्याच वाटांवर असतात. नेमक्या त्याच दिवसांत वाळलेल्या गवतावर तापलेला सायलेन्सर टेकला तर वणवा लागू शकतो. चोरल, महू आणि मानपूर या वनपरिक्षेत्रांत बिबट्याचा वावर आहे. महूच्या आसपास लष्कराचे गोळीबाराचे सरावक्षेत्र आहे; तिथे ‘जरा आत जाऊन बघू’ हा विचारही नको. फटफट वाजणारे सायलेन्सर बसवणारे गट गावकऱ्यांचे प्रेम एका फेरीत गमावतात, आणि पुढच्या गटाला वाटेत दगड मांडलेले सापडतात. गावात शिरताना हेल्मेटची काच वर करून वेग चालण्याइतका ठेवला, तर तेच लोक पुढची वाट दाखवतात, चहाही पाजतात.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने गाडी बदलण्याआधी आहे ती गाडी घेऊन ऑक्टोबर ते फेब्रुवारीत सिमरोल-चोरल बाजूच्या सोप्या कच्च्या रस्त्यांवर दोन-चार सकाळी घालवाव्यात. जाम गेटचा उतार नंतर. जंगलातली कोणती वाट खुली आहे हे संबंधित वनपरिक्षेत्राच्या कार्यालयात विचारून घ्यावे, आणि तेही शुक्रवारीच, कारण शनिवार-रविवारी तिथे उत्तर द्यायला कोणी भेटेलच असे नाही.