पिंजण, पर्शिया आणि बोटीवरची गादी

कारंजा लाडहून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी सुमारे पाचशे किलोमीटर लांब आहे. शिडाच्या बोटीवर बारमाही राहणारा माणूस झिजलेली गादी कशी बदलतो, हा प्रश्न इथे कुणाला पडायचं तसं काही कारण नाही. पण या प्रश्नाच्या मागे लागलेला माणूस फिरून फिरून वऱ्हाडातच येतो. तिथून तो थेट भूमध्य समुद्राच्या तळाशी जातो आणि परत येतो तो कारंज्याच्या जैन मंदिरांतल्या पोथ्यांपाशी.

आधी बोटीचं पाहू. नाळेकडे बोटीच्या दोन्ही कुशी जवळ येत जातात, म्हणून तिथली गादी पायाकडे निमुळती लागते. अखंड गादी केबिनच्या तोंडातून आत जात नाही, तेव्हा ती दोन-तीन तुकड्यांत करावी लागते. बोटीवर राहणारे लोक बंकवर खाकी कागद पसरून आकार उतरवून घेतात आणि त्याबरहुकूम फोम कापतात. इथवर हे शिंप्याचं काम आहे.

खरी वैरीण ओल. झोपलेल्या माणसाच्या श्वासातून आणि घामातून रात्रभरात पेलाभर पाणी सहज बाहेर पडतं. त्यातली बरीच वाफ गादीतून खाली उतरते आणि बोटीच्या गार तळाशी गाठ पडली की तिचं पाणी होतं. गादीच्या वरच्या अंगाला काहीच कळत नाही. बुरशी खालून येते. म्हणून जाणते लोक बंकवर सलग फळी न ठेवता अंतराअंतरानं पट्ट्या ठोकतात आणि गादी रोज उभी करून तिला वारा देतात. समुद्राचं पाणी आत शिरलं तर गोष्ट आणखी बिघडते. पाणी वाळतं, मीठ मागे राहतं, आणि हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की तेच मीठ हवेतलं पाणी ओढून घेऊन विरघळू लागतं. समुद्रावर असे दिवसच जास्त. खारावलेली गादी गोड्या पाण्यानं धुतल्याशिवाय वाळत नाही, आणि बोटीवर गोडं पाणी जपून वापरायचं असतं.

जुन्या शिडाच्या जहाजांवरच्या खलाशांनी यावर सोपा तोडगा काढला होता: गादी टिकवायचीच नाही. युरोपातला व्यापारी जहाजावरचा खलाशी निघताना बंदरावर गवताच्या काडाची पिशवी विकत घेई, सफरभर तिच्यावर झोपे आणि घर जवळ आलं की समुद्रात फेकून देई. तिचं नाव ‘गाढवाची न्याहारी’. युद्धनौकांवर झोळ्या असत. सकाळी त्या आवळून बांधून कठड्याच्या जाळीत रचत, म्हणजे लढाईत गोळ्यांना थोडा आडोसा होई आणि कुणी पाण्यात पडला तर तरंगायला काहीतरी हाताशी असे. अंथरूण म्हणजे बुडत्याचा आधार, ही कल्पना तेव्हापासूनची.

आपल्याकडेही अशा सफरींची परंपरा आता चांगली रुजली आहे. रत्नाकर दांडेकर यांनी गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेली 56 फुटी ‘म्हादेई’ घेऊन कमांडर दिलीप दोंदे 19 ऑगस्ट 2009 रोजी मुंबईहून एकटे निघाले आणि वाटेत चार बंदरं करून मे 2010 मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून परतले. पुढे दांडेकरांच्याच कारखान्यातल्या ‘तुरीया’वर अभिलाष टॉमी गोल्डन ग्लोब शर्यतीत उतरले. सप्टेंबर 2018 मध्ये दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात बोट उलटली आणि त्यांच्या पाठीला जबर मार बसला. ‘ओसिरिस’ हे फ्रेंच जहाज येईपर्यंत तीन दिवस ते केबिनमधल्या बंकवर जवळजवळ हालचाल न करता पडून होते. बोटीवरचं अंथरूण ही चैनीची वस्तू नव्हे, हे समजायला एवढं पुरे.

तर बंकवरच्या गादीत भरायचं काय? वऱ्हाडी माणूस म्हणेल कापूस, आणि तो चुकेल. साध्या हवेत कापूस आपल्या कोरड्या वजनाच्या साधारण साडेआठ टक्के पाणी धरून ठेवतो. हवा दमट झाली की आणखी धरतो. जमिनीवर हा त्याचा गुण, उन्हाळ्यात अंगाचा घाम टिपून घेणारा. बोटीवर मात्र तोच दोष. समुद्रावर चालतो तो दुसरा कापूस, सावरीचा. सावरीचा धागा आतून पोकळ असतो आणि त्यावर मेणाचा हात फिरलेला असतो, त्यामुळे पाणी त्याला लवकर भिजवू शकत नाही. तिच्याच जातकुळीतल्या कपोकचा कापूस स्वतःच्या वजनाच्या वीस-तीस पट भार पाण्यावर तोलतो. दुसऱ्या महायुद्धापर्यंत जीवरक्षक जॅकेटांत तोच भरत. जपाननं 1942 मध्ये जावा घेतल्यावर अमेरिकेत कपोकचा तुटवडा पडला, तेव्हा तिथल्या शाळकरी पोरांनी रानोमाळ हिंडून मिल्कवीडची बोंडं गोळा केली. मिल्कवीड म्हणजे आपण शनिवारी मारुतीला जिची पानं घालतो त्या रुईच्या झाडाची नातलग. वऱ्हाडात जुनी माणसं उशीत सावरीचा कापूस आणि गादीत शेतातला कापूस भरत आली. ही वाटणी त्यांना कुणी प्रयोगशाळेत शिकवलेली नव्हती.

शेतातला म्हणजे अर्थात जुना गावरानी. त्याचा धागा आखूड, जाड आणि राठ. गिरणीवाले नाक मुरडत, पण गादीला तोच बरा. दाबला की परत उसळतो. हा वऱ्हाडचा माल लिव्हरपूलच्या बाजारात ‘उमरा’ नावानं ओळखला जाई. पुढे त्याच्या वाहतुकीसाठी किलिक निक्सनच्या कंपनीनं मूर्तिजापूर–यवतमाळ हा अरुंद रुळांचा रस्ता कारंज्यावरून काढला. या मार्गावरच्या ‘शकुंतला’ या गाडीविषयी आजवर इतकं लिहून झालं आहे की इथे एवढंच सांगावं: कापूस मँचेस्टरला पाठवायला मदत करणारं तिचं वाफेचं इंजिनही 1921 साली मँचेस्टरलाच बांधलेलं होतं आणि ते 1994 पर्यंत धावलं.

गाठी बांधून गेलेल्या कापसाचा इतिहास असा रेल्वेच्या आणि कंपन्यांच्या दप्तरांत सापडतो. घरच्या गादीतल्या कापसाचा इतिहास शोधायचा तर पिंजाऱ्याकडेच जावं लागतं. दसरा-दिवाळीच्या सुमाराला, घराची झाडलोट निघाली की, तो दारावर येई. खांद्यावर पुरुषभर उंचीचं पिंजण, त्याला आतड्याची ताणलेली तात, हातात दोन्ही टोकांना फुगीर असा लाकडी दस्ता. अंगणात गादी उसवायची, गोळे झालेला कापूस उन्हात टाकायचा, मग तातेवर दस्त्याचा ठोका. तात थरथरली की कापसाचा तंतू न् तंतू सुटा होऊन उडतो; धूळ, सरकीचे तुकडे, कचरा खाली राहतो. संध्याकाळपर्यंत तोच कापूस नव्या गादीपाटाच्या खोळीत जाऊन दाभणाच्या टाक्यांनी बसता व्हायचा. जुनं टाकून नवं आणणं नव्हेच ते. अशी एक गादी दोन पिढ्या चाले.

या पिंजाऱ्यांची लेखी नोंद सापडते ती एका अनपेक्षित ठिकाणी. रसेल आणि हिरालाल यांच्या ‘ट्राइब्ज अँड कास्ट्स ऑफ द सेंट्रल प्रॉव्हिन्सेस ऑफ इंडिया’ या चार खंडांच्या ग्रंथात, दुसऱ्या खंडात, ‘बहना’ या नावाखाली. मध्य प्रांत आणि वऱ्हाडात 1911 साली त्यांची संख्या सुमारे 48,000 होती. जिनिंग कारखान्यांनी त्यांचा धंदा बुडवला, असं तिथे नमूद आहे. हे मुसलमान असले तरी त्यांच्या चालीरीतींत हिंदूपण बरंच, हेही आहे. या समाजातले पुष्कळ लोक आज स्वतःला मन्सुरी म्हणवतात आणि आपलं नातं 922 साली बगदादमध्ये सुळी गेलेल्या सूफी मन्सूर अल-हल्लाजशी सांगतात. त्याच्या नावातला ‘हल्लाज’ म्हणजे कापूस पिंजणाराच. आपल्या पूर्वजांत असा पुरुष असणाऱ्यांविषयी उत्तरेत मात्र थट्टेची गोष्ट सांगतात: रानात पिंजारी आणि कोल्हा समोरासमोर आले, पिंजाऱ्याला वाटलं हा वाघ, कोल्ह्याला वाटलं हा धनुर्धारी, आणि दोघांनी एकमेकांना राजा म्हणून मुजरे केले. ज्याच्याकडून अंथरूण भरून घ्यायचं त्याचीच टिंगल करायची, ही आपली जुनी खोड.

रसेलचा निष्कर्ष अर्धाच खरा होता. कारखान्यानं सरकी काढायचं काम नेलं, पण जुनी गादी उसवून भरायचं काम कुठल्याही जिनानं घेतलं नाही. ते आणखी तीन-चार पिढ्या पिंजाऱ्याकडेच राहिलं. ते त्याच्या हातून काढलं फोमनं.

हा रॉबर्ट व्हेन रसेल कोण? 1873 चा जन्म, आयसीएस, मध्य प्रांताच्या 1901 च्या जनगणनेचा अधीक्षक. वर्षानुवर्षं जातींची माहिती जमवून त्यानं ग्रंथ सिद्ध केला. तो 1916 मध्ये प्रसिद्ध झाला, पण तोवर रसेल हयात नव्हता. डिसेंबर 1915 मध्ये पी अँड ओ कंपनीच्या ‘पर्शिया’ या आगबोटीनं तो मुंबईकडे निघाला होता. 30 डिसेंबरला, दुपारच्या जेवणाच्या वेळी, क्रीटजवळ माक्स व्हालेंटिनर याच्या यू-38 या जर्मन पाणबुडीनं इशारा न देता पाणतीर सोडला. बोट काही मिनिटांतच बुडाली. 519 पैकी 343 माणसं गेली; त्यांत रसेल एक. वाचलेल्यांमध्ये लॉर्ड माँटेग्यू होते, अंगात फुगवता येणारं जॅकेट घातलेले. मध्य प्रांतातल्या पिंजाऱ्यांची नोंद करणारा माणूस समुद्रात गेला आणि हवा भरलेल्या कापडानं दुसरा एक माणूस तरला, हे वाचताना थांबायला होतं.

मागे राहिले ते हिरालाल. कटनीचे रायबहादूर हिरालाल, 1867 ते 1934. ग्रंथावर त्यांचं नाव दुसरं छापलेलं असतं आणि हवाले देणारे ते सर्रास गाळतात, हा अन्यायच. हिंदुस्थानी बोली, गावोगावची माणसं, त्यांच्या म्हणी यांच्यात मुरलेला होता तो हा माणूस. 1926 साली नागपूरहून मध्य प्रांत-वऱ्हाडातल्या संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची त्यांची सूची निघाली, आणि तिच्यामुळे कारंज्याच्या बलात्कारगण, सेनगण आणि काष्ठासंघ या जैन संघांच्या मंदिरांतलं अपभ्रंश साहित्य पंडितांपुढे आलं. पाठोपाठ कारंजा जैन ग्रंथमालेत पुष्पदंताचं ‘जसहरचरिउ’ प. ल. वैद्यांनी संपादित केलं आणि अमरावतीच्या डॉ. हिरालाल जैनांनी ‘करकंडचरिउ’. या दोन हिरालालांची गल्लत छापील पुस्तकांतही आढळते. नाव एक असलं तरी माणसं दोन, आणि कारंज्यावर दोघांचेही उपकार.

म्हणजे कारंज्याच्या पोथ्या उजेडात आणणारं आणि पिंजाऱ्यांची नोंद करणाऱ्या ग्रंथावर दुसऱ्या क्रमांकानं छापलेलं नाव एकच. पोथ्यांना सूची मिळाली, संपादक मिळाले, ग्रंथमाला मिळाली. पिंजाऱ्यांना इंग्रजीतली काही पानं मिळाली, तीही कारकुनी सुरात.

बोटीवरच्या गादीचा निकाल एका वाक्यात देता येतो. बंकवर पट्ट्या, त्यावर तुकड्यांत कापलेला फोम, उशांना सावरीचा कापूस, आणि शेतातल्या कापसाची गादी घरीच ठेवलेली बरी. फोमची घरात मात्र तेवढी गरज नाही. 1937 साली ओटो बायर यांनी जर्मनीत पॉलियुरेथेन शोधलं, त्यातून पुढे हा फोम आला. तो एकदा बसला की त्याला पिंजता येत नाही. तो फेकूनच द्यावा लागतो. जमिनीवर राहणाऱ्यांनी ‘गाढवाची न्याहारी’ कशाला करावी?

रस्त्याकडेला विजेवर चालणारं पिंजण्याचं यंत्र घेऊन बसलेले कारागीर अजून भेटतात. या दिवाळीत जुनी गादी त्यांच्याकडे न्यावी. आणि कारंजा, मूर्तिजापूर, दारव्हा या पट्ट्यात कुणाच्या माळ्यावर जुनं पिंजण पडून असेल तर ते भंगारात घालू नये. ते कुणाचं, कुठल्या गावचं, तात कशाची, दस्ता कुठल्या लाकडाचा, एवढं चार ओळींत लिहून जवळच्या संग्रहालयाला किंवा महाविद्यालयाला द्यावं.