हिरवा दिवा, उदास मन

लॅब म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? टेस्ट ट्यूब, बर्नर, पांढरा कोट! डिप्रेशनच्या लॅबमध्ये यातलं फारसं काही दिसत नाही. दोन खुर्च्या, एक कॉम्प्युटर, कुलूपबंद कपाट आणि प्रश्नावली घेऊन बसलेला विशी-बाविशीतला एखादा स्टुडंट. पण उदासीबद्दल आज आपण जे बोलतो, त्यातलं बरंच काही अशाच स्टुडंट्सच्या मेहनतीतून आलंय.

पटत नाही? मग चला फिलाडेल्फियाला, युनिव्हर्सिटी ऑफ पेनसिल्व्हेनियात. ॲरन बेक यांनी डिप्रेशन मोजणारी २१ मुद्द्यांची प्रसिद्ध यादी १९६१ मध्ये मांडली, ती इथूनच. त्यानंतर १९६७ मध्ये मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांचा प्रयोग छापून आला. शॉक थांबवणं ज्यांच्या हातात नव्हतं, त्यातली बरीच कुत्री पुढे सुटकेची वाट समोर असूनही बसून राहिली. ‘काही केलं तरी उपयोग नाही’ ही हतबलता शिकली जाते, असा त्यांचा निष्कर्ष होता. तेव्हा दोघंही चक्क विद्यार्थी होते!

गुरूलाही तपासा

पुढे इथल्याच लॉरेन ॲलॉय आणि लिन ॲब्रॅमसन यांनी कॉलेजच्या मुलामुलींना एक बटण दिलं. ते दाबायचं किंवा नाही दाबायचं, आणि हिरवा दिवा लागण्यात आपला हात किती ते सांगायचं. दिवा आपोआप लागत असतानाही आनंदी मंडळींना वाटायचं, हे आपलंच कर्तृत्व. उदास मुलांचा अंदाज मात्र अचूक! १९७९ चा हा निष्कर्ष जगभर गाजला.

पण खरी मजा पुढे आहे. २०२२ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी हाच प्रयोग पुन्हा करून पाहिला, तर उदास माणसांचं हे शहाणपण काही सापडलं नाही. सेलिगमन आणि मायर यांनीही २०१६ मध्ये स्वतःचाच सिद्धांत उलटा केला. हतबलता शिकावी लागत नाही, ती आपोआप येते. शिकावं लागतं ते ‘आपल्या हातात काहीतरी आहे’ हे. म्हणजे लॅबमध्ये शिरल्यावर पहिला धडा हाच, की मोठ्या नावांवरही डोळे मिटून विश्वास ठेवायचा नाही.

काम काय असतं?

ग्लॅमर कमी, चिकाटी जास्त. फोनवरून माणसं निवडायची, संमतीपत्र समजावून सांगायचं, मुलाखती ऐकून ठरलेल्या नियमांनी गुण द्यायचे, डेटा भरायचा, पुन्हा तपासायचा. पीएचक्यू-९ ही ९ प्रश्नांची यादी सगळीकडे चालते. तिचा नववा प्रश्न असतो मरणाच्या विचारांबद्दल. तिथे कुणी ‘हो’ म्हटलं की फॉर्म बाजूला ठेवायचा आणि लगेच सीनियरला बोलवायचं. आपण समुपदेशक नाही, हे भान हवं. आणि कुणाचं नाव कँटीनमध्येसुद्धा निघता कामा नये!

या कंटाळवाण्या कामाचं फळ? पेन आणि व्हँडरबिल्ट या दोन विद्यापीठांनी २४० रुग्णांवर केलेला अभ्यास २००५ मध्ये आला. १६ आठवड्यांनंतर विचार बदलायला शिकवणारी थेरपी आणि औषधं, दोन्हींचा ५८ टक्के लोकांना फायदा झाला.

गोवा कनेक्शन

त्यातले व्हँडरबिल्टचे स्टीव्हन हॉलन पुढे गोव्यातल्या अभ्यासातही होते. ‘संगाथ’ संस्थेने सरकारी आरोग्य केंद्रांत ४९५ रुग्णांसोबत तो केला. मानसोपचाराची पदवी नसलेल्या, पण नीट ट्रेनिंग दिलेल्या समुपदेशकांनी सहा ते आठ भेटी दिल्या. २०१७ च्या निकालात ६४ टक्के लोक तीन महिन्यांत सावरले होते. नेहमीचेच उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं.

तेव्हा सायकॉलॉजी शिकताय, किंवा नोकरी सांभाळून पुन्हा शिकायचा विचार आहे? आवडलेल्या प्राध्यापकांचे दोन पेपर वाचा, थोडं स्टॅटिस्टिक्स शिका आणि ‘आठवड्याला इतके तास देऊ शकेन’ असा छोटासा मेल टाका. फक्त स्वतःचं दुखणं बरं करायला लॅबमध्ये जाऊ नका. त्यासाठी डॉक्टर आहेत, आणि टेलि-मानसची मोफत हेल्पलाइनही: १४४१६. दिवा लागण्यात आपला हात किती, हे कळायला आधी बटण तर दाबून बघायला हवं!