चार तासांचं हृदय, दोन दिवसांचं कल्चर

समजा, कामथडीत एक बापू आहेत. वय 48. चेलाडी फाटा मागे टाकून साताऱ्याकडे निघालं की कापूरहोळच्या अलीकडे हे गाव लागतं. बापूंची थोडी भातखाचरं, दोन म्हशी. दोन वर्षांपूर्वी पायांना सूज आली, मग उताणं झोपलं की दम लागू लागला. ‘हार्ट मोठं झालंय, पंपिंग पंधरावर आलंय,’ असं घरात बोललं जातं. पुण्यातल्या डॉक्टरांनी हृदय बदलण्याचा विषय काढला. आता मोठमोठी यंत्रं लावून छाती तपासतील, अशी बापूंची तयारी होती. त्यांना पाठवलं दंतवैद्याकडे.

बापू काल्पनिक आहेत, पण दंतवैद्याकडे जाणं खरं आहे. प्रत्यारोपणाच्या यादीत नाव पक्कं होण्याआधी जी तपासणी होते, तिचा मोठा हिस्सा हृदयाशी थेट संबंध नसलेल्या जागांचा असतो. दाढा, नाक, लघवी, फुप्फुसाच्या टोकावरचा जुना डाग. शोध असतो तो अंगात मुक्काम करून बसलेल्या जिवाणूंचा.

कारण सरळ आहे. नवं हृदय शरीराला परकं. ते नाकारलं जाऊ नये म्हणून प्रतिकारशक्ती औषधांनी दाबून ठेवावी लागते, आणि तीही जन्मभर. इतकी वर्षं या शक्तीच्या धाकाने गप्प बसलेले जिवाणू मग उठतात. डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी 3 डिसेंबर 1967 रोजी केपटाऊनच्या ग्रूट शूर रुग्णालयात जगातलं पहिलं मानवी हृदयप्रत्यारोपण केलं. रुग्ण लुई वॉशकान्स्की अठराव्या दिवशी गेले. बसवलेलं हृदय दगा देत नव्हतं, ते गेले न्यूमोनियाने. फुप्फुसातल्या सावल्या पाहून डॉक्टरांना आधी शरीर हृदय नाकारतंय असं वाटलं आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं वाढवली गेली. जिवाणूंना रान मोकळं! त्यानंतर अडीच महिन्यांच्या आत, फेब्रुवारी 1968 मध्ये, मुंबईच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हीच शस्त्रक्रिया केली. त्यांचा रुग्ण काही तासच जगला. मुंबईत यशस्वी हृदयप्रत्यारोपण व्हायला मग 2015 चा ऑगस्ट उजाडला. मुलुंडच्या फोर्टिसमध्ये डॉ. अन्वय मुळे यांच्या पथकाने ते केलं. हृदय गेलं होतं पुण्याहून, विमानाने.

विमान का, तर दात्याच्या छातीतून काढलेलं हृदय बर्फाच्या पेटीत साधारण चार तास धड राहतं. आणि जिवाणूंचं घड्याळ? रक्त किंवा लघवी कल्चरला लावली की त्यात काय वाढतंय आणि त्यावर कोणतं अँटिबायोटिक चालतं, हे कळायला दोन-तीन दिवस जातात. टीबीचं कल्चर सहा-आठ आठवडे घेतं. दाता अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरवर असतो, त्याच्या रक्ताचा कल्चर अहवाल अनेकदा हृदय दुसऱ्याच्या छातीत धडधडू लागल्यावर हातात येतो. मग अहवालाप्रमाणे औषध बदलायचं, एवढंच उरतं. दात्याच्या बाबतीत वेळ आपल्या हातात नाही, घेणाऱ्याच्या बाबतीत असतो. म्हणून जे जे सावकाश कळतं, ते हृदय मिळाल्याचा फोन यायच्या आत कळून घ्यायचं. या सगळ्या तपासण्यांमागे मला दिसतो तो हा एवढाच व्यवहार.

तर दाढा. मशेरीने काळे पडलेले दात, मुळाशी पू धरलेली एखादी दाढ. दुखत नाही म्हणून बापूंनी वीस वर्षं सोडून दिलेली. तोंडाभोवती फिरणाऱ्या यंत्रावर सगळ्या जबड्याचा एकच लांबलचक एक्स-रे निघतो आणि दडलेला पू सापडतो. दाढ काढायला हवी. पण बापू रक्त पातळ ठेवायच्या गोळीवर आहेत. म्हणजे आधी रक्त तपासा, गोळीचा हिशोब बसवा, मग चिमटा. एका दाढेसाठी हृदयाचा आणि दातांचा डॉक्टर एकमेकांना फोन करत बसतात.

नाकात कापसाची काडी फिरवतात ती स्टॅफिलोकोकस शोधायला. दर तीन-चार माणसांत एकाच्या नाकात तो कसलाही त्रास न देता राहतो. औषधाला न जुमानणारी जात निघाली तर म्युपिरोसिनचं मलम नाकात लावायचं. गुदद्वाराचा स्वॅबही काही ठिकाणी घेतात, भारी अँटिबायोटिकांनाही न बधणारे आतड्यातले जिवाणू कळावेत म्हणून. बापूंना हे सांगताना नर्सबाईंनी आवाज खाली घेतला, तरी शेजारच्या खाटेवरच्या मावशींना ऐकू गेलंच.

मग प्रश्न.

“बापू, दूध उकळून पिता ना?”

“धारोष्ण पिऊनच वाढलो की डॉक्टर!”

“म्हैस कधी गाभडली होती का?”

बापूंना वाटतं डॉक्टर चेष्टा करतायत. ते ब्रुसेला हुडकत असतात. जनावराचा गर्भपात घडवणारा हा जिवाणू कच्च्या दुधातून माणसात येतो आणि हृदयाच्या झडपेवरही घर करतो. खाचरात अनवाणी उतरता का, घरात उंदीर आहेत का, हे लेप्टोस्पायरोसिससाठी. अशी चौकशी मला यंत्रांपेक्षा मोलाची वाटते, कारण काय शोधायचं हे यंत्राला आधी कुणीतरी सांगावं लागतं.

आपल्याकडे खरा पाहुणा टीबीचा. कितीतरी धडधाकट माणसांत तो सुप्त असतो. मांटू चाचणीत हाताच्या आतल्या बाजूला कातडीतच थेंबभर औषध सोडतात, मसुराएवढी फुगवटी उठते. 48 ते 72 तासांनी डॉक्टर बोटाने चाचपून, पेनाने कडा आखून पट्टीने मोजतात. लालीला महत्त्व नाही, टणकपणाला आहे. एरवी 10 मिलिमीटरला दखल घेतात, प्रत्यारोपणाच्या रुग्णांत 5 लाच. उलट खंगलेल्या शरीरात टीबी असूनही काहीच उठत नाही, असंही होतं. म्हणून छातीचा फोटो, कधी सीटी स्कॅन आणि रक्तातली इग्रा चाचणी. इग्राचा एक फायदा असा: मोजून घ्यायला कामथडीहून पुन्हा यावं लागत नाही.

सुप्त टीबी निघाला तर आयसोनियाझिड काही महिने, गरज पडल्यास शस्त्रक्रियेनंतरही चालू. खरा पेच टीबीवरच्या दुसऱ्या औषधाचा, रिफाम्पिसिनचा. त्याचं घराणं फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या पाइनबनातल्या मातीतून निघालं. हृदय टिकवणारं सायक्लोस्पोरिन नॉर्वेच्या पठारावरच्या मातीतल्या बुरशीतून. दोघं बापूंच्या यकृतात भेटले की जमत नाही. रिफाम्पिसिन यकृताला असं कामाला लावतं, की सायक्लोस्पोरिन आणि त्याच कामाचं टॅक्रोलिमस दोन्ही झपाट्याने पचून रक्तात उरतच नाहीत. टीबी मारायला जावं तर हृदय नाकारलं जायची भीती. म्हणून टीबी आधी शोधण्याचा एवढा आटापिटा.

यादीत नाव लागल्यावरही हे संपत नाही. रक्तात जंतुसंसर्ग सापडला तर बरा होईपर्यंत नाव बाजूला ठेवतात. ज्यांच्या छातीत यांत्रिक पंप बसवलाय, त्यांच्या पंपाची वायर पोटातून बाहेर येते. ती जागा रोज बघायची, पू दिसला तर लगेच कळवायचं. न्यूमोनियाची लस प्रत्यारोपणाआधी टोचलेली बरी, औषधांनी दबलेलं शरीर तिच्याकडून नीट शिकत नाही. आणि बापूंना डॉक्टरांनी दोनदा बजावलंय: “ताप आला तर आपली आपण गोळी घेऊन दडपायचा नाही. आधी फोन.”

दाढेचा खड्डा भरत आलाय. फाट्यावर एसटीतून उतरताना बापूंनी डावी बाही कोपरापर्यंत दुमडून ठेवलीय. परवा सकाळी पुन्हा पुणे, मोजायला. तोवर खाजवायचं नाही.