सोनं तुटतं ते कुठे

सकाळी ९.३०. दुकान उघडलं की आधी केरसुणी, तीही कोरडी. आमच्याकडचा केर बाहेर जात नाही. त्यात कानशीचा कीस असतो, म्हणून तो डब्यात साठतो आणि गलाईला जातो. मग दिवाबत्ती, काटा शून्यावर, आणि चहा.

१०.३०. एक आजी पाटल्या घेऊन आल्या, काळपट पडलेल्या. "फरशीला ते ब्लीच वापरते रे मी. त्यानं सोनं खाल्लं का?"

"नाही आजी, सोनं आहे तेवढंच आहे." बावीस कॅरटमध्ये ९१.६ टक्के सोनं, बाकी चांदी-तांबं. काळवंडतं ते हे बाकीचं, तेही वरवर. रिठ्याच्या कोमट पाण्यात मऊ ब्रश फिरवला, पाटल्या उजळल्या. याचे काय पैसे घ्यायचे!

१२.००. साखरपुड्याची अंगठी, अठरा कॅरट, पांढरं सोनं. हिरा पडलेला. मुलगी रोज पोहायला जाणारी. "काका, कुठे आपटली नाही हो."

भिंग लावलं. खरंच आपटली नव्हती. आपटलेली नखी आधी वाकते. ही मुळाशी सरळ तडकलेली, काचेसारखी. शेजारच्या दोन नख्यांच्या बुडाशीही केसाएवढी चीर. वरून रोडियमचा मुलामा चकचकीत, त्यामुळे नुसत्या डोळ्यांना काही दिसत नाही.

पांढऱ्या सोन्यात शंभरात ७५ भाग सोनं, उरलेल्यात बहुधा निकेल, तांबं, जस्त. नखी हिऱ्यावर दाबून बसवलेली, म्हणजे धातू कायम ताणात. तलावातलं क्लोरीन नेमकं त्या ताणाच्या जागी मिसळीचे धातू पोखरतं आणि चीर आत सरकत जाते. पाणी गरम असलं तर आणखी लवकर. आंघोळीला मात्र घाबरू नये. तलावात लिटरला १ ते ३ मिलिग्रॅम क्लोरीन ठेवतात, नळाच्या पाण्यात त्याहून बरंच कमी असतं.

१.३०. डबा.

३.००. कीस घेऊन गलाईवाल्याकडे. हा विट्याचा. सांगलीच्या खानापूर-आटपाडी भागातली ही माणसं या धंद्यात देशभर पसरलीत. इथे क्लोरीन खुद्द सोन्यालाच विरघळवतं. शोऱ्याचं आम्ल एकटं सोन्याला हात लावत नाही, मिठाचंही लावत नाही. एकास तीन मिसळले की आत क्लोरीन सुटतं, तांबूस धूर निघतो आणि सोनं पिवळ्या-नारिंगी पाण्यात नाहीसं होतं. चांदी पांढरी होऊन तळाशी बसते. गाळलेल्या पाण्यात हिराकस टाकला की सोनं परत येतं, पण तपकिरी गाळ होऊन. नवखा माणूस तो मोरीत ओतेल! मुशीत वितळल्यावरच त्याचा रंग उघडतो.

मोठ्या कारखान्यांत वितळलेल्या सोन्यातून थेट क्लोरीन वायू सोडतात. १८६७ साली सिडनीच्या टांकसाळीत फ्रान्सिस मिलरनं ही रीत काढली. बाकीचे धातू क्लोराइड होऊन निघून जातात आणि सोनं सुमारे ९९.५ टक्के शुद्ध उरतं. माझ्या गिऱ्हाइकाच्या अंगठीत काय झालं, ते यावरून कळावं.

६.००. मुलीला फोन. एक नखी झाळून भागणार नाही, सगळं कोंदण नवं करावं लागेल. ती खट्टू झाली, पण मोडकं घर ठेवून त्यात नवा हिरा मी बसवणार नाही.

८.००. कुलूप.

पोहायला जाताना, ब्लीच हाताळताना अंगठी काढून ठेवा. चौदा-अठरा कॅरटमध्ये हिरा असेल तर वर्षातून एकदा नख्या भिंगाखाली दाखवून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे.