ब-२ जीवनसत्त्वावरून जंतू ओळखणाऱ्या पेशी

आषाढात भोर-वेल्ह्याच्या खाचरांत भाताची लावणी सुरू होते. चिखलात पायाला काही लागले की मातीतले जीवाणू जखमेत शिरतात. शरीराच्या रक्षक पेशींपैकी नेहमीच्या टी पेशी जंतूच्या प्रथिनांचे तुकडे ओळखतात. जंतू नवा असेल तर त्यांची फौज उभी राहायला आठवडाभर तरी जातो.

तोवर खिंड लढवणाऱ्यांत चाकोरीबाहेरच्या टी पेशीही असतात. त्यांतल्या ‘मेट’ पेशी मला सर्वांत नवलाच्या वाटतात. अनेक जीवाणू आणि बुरश्या ब-२ जीवनसत्त्व स्वतः बनवतात. माणसाला ते जमत नाही. दूध, अंडी, पालेभाज्यांतून घ्यावे लागते. त्यामुळे ते बनताना निघणारे उपपदार्थ ही जंतूची पक्की खूण ठरते. मेट पेशी तीच खूण ओळखतात, हे ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये दाखवून दिले. चाकोरीबाहेरच्याच इतर टी पेशींपैकी एनकेटी पेशी स्निग्ध रेणू हेरतात, तर काही गॅमा-डेल्टा पेशी क्षयाच्या जंतूतले फॉस्फेटयुक्त रेणू.

पण आपल्या त्वचेवर, आतड्यात कायम राहणारे जीवाणूही ब-२ बनवतातच की! नुसती खूण दिसली म्हणून मेट पेशी सहसा तुटून पडत नाहीत. दाहाचे इशारेही मिळावे लागतात. उंदरांवरच्या प्रयोगांत तर त्वचेवरच्या अशा जीवाणूंमुळे जाग्या झालेल्या मेट पेशींनी जखम भरून यायला हातभार लावला.