तटस्थ हेडफोनची पारख

नवी दिल्लीच्या पूसा भागात राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा आहे. २१ जानेवारी १९५० रोजी सरदार वल्लभभाई पटेल यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले, डॉ. के. एस. कृष्णन् हे तिचे पहिले संचालक होत. देशातील वजनेमापे ज्या मानकांशी ताडून पाहावयाची, ती मानके येथे जतन केली जातात. किलोग्रॅमची ५७ क्रमांकाची प्लॅटिनम-इरिडियमची प्रत येथेच आहे. दुकानदाराच्या तराजूत खोट आहे की नाही, हे ठरविण्यास खरे वजन हाती असावे लागते. ध्वनीच्या बाबतीतही नियम हाच आहे.

हेडफोनचे काम निरोप्याचे. मिळालेला ध्वनी त्याने जसाच्या तसा कानी पोहोचवावा, पदरचे काही घालू नये, की काही गाळू नये. असा हेडफोन तो तटस्थ. ध्वनिमुद्रण करणाऱ्यास त्याचे महत्त्व फार. त्याच्या हेडफोनात खर्ज मुळातच वाढीव असेल, तर गाण्यात खर्ज अधिक झाला असे समजून तो त्यास कात्री लावील. आणि मग घरोघरी ते गाणे ऐकताना तंबोरा पोकळ वाटेल. यंत्राचा दोष असा उलटा होऊन कलावंताच्या माथी बसतो.

कानाची करामत

ध्वनी मोजावयाचा तो मायक्रोफोनने. पण मायक्रोफोन खरा, हे कशावरून? त्यासाठी मानकशास्त्रात एक सुंदर युक्ती योजतात. तीन मायक्रोफोन घेऊन त्यांच्या दोन-दोनांच्या जोड्या लावतात. जोडीतील एक ध्वनी उत्पन्न करतो, दुसरा तो ग्रहण करतो. तिन्ही जोड्यांची विद्युत्-मापे व मधल्या पोकळीचे आकारमान यांवरून प्रत्येकाची संवेदनक्षमता गणिताने निघते. असा पारखलेला मायक्रोफोन कृत्रिम कानात बसवून त्यावर हेडफोन चढविला, म्हणजे त्याचा आलेख मिळतो.

हा आलेख सरळ रेषेचा आला, तर हेडफोन तटस्थ ठरेल, असे कोणासही वाटेल. तसे मात्र होत नाही. आपली कर्णनलिका सुमारे अडीच सेंटिमीटर लांबीची असून तिच्या आतल्या टोकास कानाच्या पडद्याचे झाकण आहे. बासरीच्या नळीप्रमाणे तीही काही स्वरांना साथ देते. सेकंदास ३,००० च्या आसपास कंपने असलेला ध्वनी त्यामुळे पडद्याशी बराच बळावतो. कानाची पाळीही त्यात भर घालते. जन्मापासून आपण जग असेच ऐकत आलो आहोत. म्हणून पडद्यापाशी सरळ रेषा देणारा हेडफोन आपणांस मंद व दबलेला वाटतो. तटस्थ हेडफोनच्या आलेखात त्या जागी उंचवटा असावाच लागतो.

तो किती असावा, याविषयी मात्र एकमत नाही. ध्वनी समोरून येतो असे धरले तर एक उत्तर येते, सर्व दिशांनी येतो असे धरले तर दुसरे. अमेरिकेत शॉन ऑलिव्ह व टॉड वेल्टी यांनी २०१३ च्या सुमारास श्रोत्यांच्या चाचण्या घेतल्या. चांगल्या खोलीत ठेवलेल्या चांगल्या ध्वनिक्षेपकाशी जुळणारा ध्वनी बहुतेकांना पसंत पडला. शिवाय प्रत्येकाचा कान निराळा. तेव्हा तटस्थता ही एक रेषा नसून एक अरुंद पट्टा आहे, असे समजणे बरे.

घरगुती परीक्षा

प्रयोगशाळा हाताशी नसली, तरी पारख करता येते. पहिली अट अशी की, दोन्ही हेडफोनांचा आवाज सारखा मोठा ठेवावा. फ्लेचर व मन्सन यांनी १९३३ साली दाखवून दिले की, आवाज लहान असता कानास खर्ज कमी ऐकू येतो. म्हणून किंचित मोठा वाजणारा हेडफोन उगाच भरदार वाटतो. दुसरी अट, कोणता हेडफोन कोणाचा व किती किमतीचा, हे ऐकणाऱ्यास कळू देऊ नये. तिसरी, गादी कानाभोवती नीट बसावी. चष्म्याच्या दांडीने फट राहिली तरी खर्ज निसटतो.

मग परिचित ध्वनी ऐकावेत. खर्जासाठी डग्गा, मध्यासाठी मनुष्याचा आवाज, आणि वरच्या स्वरांसाठी तंबोऱ्याची जवारी व टाळ. डग्ग्याची घुमारी पुढच्या बोलांवर पसरू नये. जवारीचा झणत्कार असावा, पण तो टोचू नये. शाळेत तर याहून सोपा प्रयोग करता येईल. वर्गातील एका मुलाचे वाचन चांगल्या यंत्रावर मुद्रित करावे, ते हेडफोनने ऐकावे, आणि लगेच त्याच मुलास समोर बसवून वाचावयास सांगावे. दोहोंतील फरक कान स्वतःच सांगेल.

ही परीक्षा शांत खोलीतच करावी. दिल्लीच्या रहदारीत किंवा मेट्रोच्या डब्यात जी सततची घरघर असते, ती खर्ज झाकून टाकते. उत्तम तटस्थ हेडफोनही तेथे बारीक व निर्जीव वाटतो, आणि ऐकणारा आवाज वाढवीत जातो. त्याची किंमत कानास द्यावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेने सुरक्षित श्रवणाची मर्यादा आठवड्यास ८० डेसिबलचे ४० तास अशी सांगितली आहे. दर ३ डेसिबल वाढीस हा अवधी निम्मा होतो. म्हणजे ८९ डेसिबलला आठवड्याचे अवघे ५ तास उरतात. हेडफोन बदलता येतो. पण ज्या कानाने त्याची पारख करावयाची, तो मात्र एकदा बिघडला की बदलून मिळत नाही.